शाळेच्या खोलीची किल्ली

मंगळवार, पौष, १९५५

आज मारुतीच्या पारावर शाळा कमिटीच्या निवडणुकीची सभा झाली. मीही उभा आहे. बोलताना म्हटलं, शाळेला दोन खोल्या असून लहान पोरं या थंडीत ओसरीवर बसतात, ही गावाला लाज आहे. माणसं माना हलवत होती. तेवढ्यात मागून सखूमावशी, तिचा नातू पहिलीत आहे, शांतपणे म्हणाली, "भाऊ, त्या दुसऱ्या खोलीत कापूस कोनाचा हाय?"

कापूस माझा. दिवाळीपासून तिथंच आहे. हंगामात शाळेत माल ठेवायची गावाची रीतच आहे, वडीलही ठेवायचे. पण बोलताना मला ते आठवलं कसं नाही? त्या खोलीची किल्ली माझ्याच देवघरात खिळ्याला असते. रोज पूजेला बसलो की समोर दिसते.

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. गुरुजी तर माझीच बाजू घेऊन म्हणाले, "राहू द्या जी, पोराईले आता सवय झाली." ते जास्त लागलं.

मी सगळ्यांसमोर सांगितलं, उद्या खोली मोकळी करतो.

"करजो बाप्पा," मावशी म्हणाली.

घरी येऊन आधी किल्ली काढून खिशात टाकली. मग आठवलं, जऊळक्याचा व्यापारी पुढच्या आठवड्यात येणार आहे. आठ दिवसांसाठी एवढा कापूस दोनदा हलवायचा?

किल्ली परत खिळ्याला लावली आहे. कापूस हलवायला उद्या बैलगाडी लागेल, तिचं अजून कोणाला सांगितलेलं नाही.