शेरीफच्या आधी पोचणारा टर्की

१० नोव्हेंबर

बाबा अजून आले नाहीत. काल सकाळी पिशवी आणि खुरपं घेऊन डोंगरावर जिनसेंगची औषधी मुळं खणायला गेले, ते गेलेच. पंच्याहत्तरीचा माणूस! शेवटी शेरीफला फोन केला. हार्लन गॉफ, शाळेत माझ्याच वर्गातला.

दुपारी त्यानं आमच्या परसात तळ टाकला. परसाभोवती पोलिसांची पिवळी फीत, कुत्री, माणसं. आणि अर्थातच कुंपणापाशी तो आला — रानातला टर्की पक्षी. पोलिसांची गाडी थांबायचा अवकाश, हा हजर. मागे चोरट्या दारूची भट्टी फोडली, तेव्हा बेड्या घातलेल्या माणसाशेजारी साक्षीदारासारखा उभा होता. गाव म्हणतं, मेलेला जुना शेरीफच तो, पेन्शन पुरेना म्हणून कामावर परत आलाय. त्याच्यापायी थँक्सगिव्हिंगच्या सणाला सगळीकडे शिजतो तसा टर्की आमच्या खोऱ्यात शिजत नाही, डुकराची तंगडी भाजतात.

एरवी मीही हसते. आज नाही.

११ नोव्हेंबर

काही नाही. दाट धुकं.

१२ नोव्हेंबर

वरून हुकूम आलाय — शोध थांबवा. कुत्री परत गेली. हार्लन माझ्याकडे न बघता म्हणाला, "व्हर्ना, टर्की हलला की फीत गुंडाळतो."

टर्की असताना फीत काढायची नाही, हा इथला रिवाज. एकदा काढली होती, तर चोर माळ्यावरच बसलेला निघाला. तेव्हापासून कुणी धजत नाही.

म्हणजे तो थांबला तर शोध चालू राहणार. असल्या भाकडकथांवर माझा काडीचा विश्वास नाही. तरी मक्याचे दाणे घेऊन गुपचूप कुंपणापाशी गेले. तिथं आधीच ढीग! शेजारची ओडेसा मावशी ओंजळ रिकामी करत होती. "तू कशाला आलीस गं? सकाळपासून अर्धं गाव टाकून गेलंय. पोट फुटेल त्याचं." मी तिच्या गळ्यात पडून रडले.

१३ नोव्हेंबर

टर्की गेला. सकाळी बघते तर कुंपण रिकामं. पायरीवर बसून राहिले. संपलं, असंच वाटलं.

हार्लन आला. कुंपणाकडे बराच वेळ बघत राहिला. मग माणसांना म्हणाला, "काय बघताय? उभा आहे की तो. चला, आज वरच्या कड्यापर्यंत जायचंय."

"हो की," ओडेसा मावशी म्हणाली. "आणि केवढा फुगलाय मेला."

एकेक जण टोपी चढवून निघाला. कुंपणाजवळून जाताना सगळे वाट वाकडी करून गेले, नसलेल्या टर्कीला धक्का लागू नये म्हणून.

१४ नोव्हेंबर

बाबा सापडले. जिवंत! आज ऊन पडलं आणि बंद खाणीच्या खोपटातून धूर दिसला. मी धावतच वर गेले. पाय मोडलाय, तोंड शाबूत. इतके दिवस पोटात काही नव्हतं. काल दारात एक लठ्ठ टर्की आला म्हणे, त्याला धड पळताही येईना. बाबांनी पडल्या पडल्या लाकूड फेकून मारला. "असला चरबीदार जन्मात खाल्ला नव्हता," मिटक्या मारत हार्लनला सांगत होते.

हार्लननं टोपी काढली. मग दारातली पिसं गोळा करून खिशात कोंबली आणि आमच्याकडे वळून म्हणाला, "कोंबडी होती ती. कळलं सगळ्यांना?"