कसारा शाखेचा बँकर

॥ श्री ॥
इगतपुरी, ४ मार्च २०२५

चि. पूर्णिमास अनेक आशीर्वाद, वि. वि.

फोनवर तुझे नुसते ओठ हलताना दिसतात. घाटात इंजिनं चालवून कानांची जी वाट लागली ती लागलीच, म्हणून लिहितो. तुझ्या इंद्रनीलच्या आई, सुलेखाताई, रविवारी नाशिकहून येऊन गेल्या. बाई मोकळ्या स्वभावाच्या आहेत. पोहे दोनदा मागून घेतले. ते मी केले होते, हे मुद्दाम कळवतो.

मग म्हणाल्या, बँकेतल्या माणसाचं घर असं टापटीपच असायचं. मला तेव्हा अर्धवटच ऐकू आलं, मी नुसता हसलो. कुठली शाखा, असं त्यांनी विचारलं. मला वाटलं, ड्यूटी कुठे होती ते विचारतायत, म्हणून सांगितलं कसारा. त्यावर म्हणाल्या, लहानशी शाखा असेल.

त्या गेल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पोरी, बाप इंजिन ड्रायव्हर होता हे सांगायची तुला लाज वाटली का? रागावणार नाही, पण वाईट वाटलं. लग्नात मी कोण म्हणून उभं राहायचं, ते मला कळलं पाहिजे.

कानटोपी घालत जा. लोभ आहेच, पत्राचा आळस नसावा.
तुझा बाबा

ट्रली, आयर्लंड, २१ मार्च २०२५

ती. बाबांस सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून आधी रडले, मग पोट दुखेपर्यंत हसले. लाज कसली, बाबा! इंद्रनीलला मी पहिल्याच भेटीत ऐटीत सांगितलं होतं, की माझे बाबा घाटात बँकर चालवायचे, म्हणजे गाडीला मागून ढकलणारं इंजिन. त्याने आईला कळवलं, वडील कसाऱ्याला बँकर होते. 'चालवायचे' एवढं खाल्लं आणि तुम्हाला थेट बँकेत बसवलं. पण मी कुठल्या तोंडाने हसू? इथे कपाटाला प्रेस म्हणतात. पहिल्या आठवड्यात हॉस्पिटलातल्या सिस्टर म्हणाल्या, चादरी प्रेसमध्ये आहेत, आणि मी इस्त्री होऊन यायची वाट बघत उभी!

हा मुलगा इंजिनांपायी खुळा आहे. शनिवारी डब्लिनहून ट्रेनने येतो आणि वाटेत एकही घाट नाही म्हणून हळहळतो. सध्या जपानी सरकारी रेल्वेचं पहिलं विजेचं इंजिन पुठ्ठ्याचं करतोय, दहा हजार नंबरचं. तिथला उसुई घाट आपल्या घाटाच्या दुपटीहून उभा. वाफेच्या इंजिनांच्या धुराने बोगद्यांत ड्रायव्हर बेशुद्ध पडायचे. म्हणून जर्मनीहून अशी बारा इंजिनं आणली आणि १९१२ साली ती धावू लागली. रुळांच्या मधोमध दातेरी पट्टी, तिच्यात इंजिनाचं दातेरी चाक अडकायचं. पुढे जपान्यांनी त्याच धर्तीवर स्वतःची बनवली. गंमत म्हणजे ड्रायव्हरची खोली एकाच टोकाला, उताराच्या बाजूला. चढताना गाडीच्या मागे राहून ढकलायचं, उतरताना तेच पुढे राहून तिला धरून ठेवायचं. इंद्रनील विचारतोय, तुमच्या इंजिनाला खोल्या किती?

आईला खरं काय ते सांग, असं त्याला बजावलंय. बिचारा घाबरलाय. तुम्हाला नाही, आईला.

कानांचं औषध टाळू नका. माया अशीच राहू द्या.
तुमची पूर्णिमा

॥ श्री ॥
इगतपुरी, १२ एप्रिल २०२५

चि. पूर्णिमास अनेक आशीर्वाद, वि. वि.

सुलेखाताई परवा पुन्हा आल्या. लेकाची फोनवर चांगली हजेरी घेतली म्हणाल्या. मग मीच त्यांना स्टेशनवर नेलं. गाडी घाट चढून आली, मागचे बँकर सुटले आणि गाडी निघून गेली. ताई म्हणाल्या, एवढं ढकललं, आणि डब्यातल्या कुणाला पत्तासुद्धा नाही.

खरं सांगू? तुझी आई गेल्यावर तुला इथवर पोचवलं, आता बँकर सुटायची वेळ झाली, असं धरून मी मनातल्या मनात आवराआवर करत होतो. तुझ्या जपानी इंजिनामुळे मला बरं वाटलं. उतार आला तरी ते गाडी सोडत नाही, हे मला फार आवडलं.

इंद्रनीलला सांग, आमच्याकडे दोन्ही टोकांना खोली होती. आणि लग्नपत्रिकेवर माझ्या नावापुढे 'निवृत्त बँकर, कसारा' असंच छापा. शाखा विचारणाऱ्याला मी स्वतः स्टेशनवर नेईन.

लोभ चढता असावा. उतार लागलाच, तर मी पुढे आहे.
तुझा बाबा