ताटाशेजारची पाण्याची वाटी

अप्पा, तुमची पाण्याची वाटी पुन्हा ताटाशेजारी आली आहे. माझी मुलगी, जी तुम्ही गेल्यानंतर जन्मली आणि आता चौथीत आहे, तिने ती आणली. मागच्या महिन्यात एका रविवारी आम्ही विरारहून वटारला आईकडे जेवायला गेलो होतो. आईने कोलंबीचं कालवण केलं होतं. नातीला तिखट चालत नाही म्हणून थोडं वेगळं काढून त्यात नारळाचं दूधही घातलं होतं. मुलीने एक कोलंबी तोंडात घातली, लगेच बाहेर काढली, डोळे पुसले आणि म्हणाली, "आजी, मला एका वाटीत पाणी देशील?" आईला वाटलं प्यायला हवंय, तिने तांब्या पुढे केला. मुलीने वाटीच मागितली. मग तिने कोलंबी त्या पाण्यात बुडवली, दोन बोटांनी चोळली आणि शांतपणे खाल्ली. पाण्यावर लाल तेल आलं. आई हातात पळी घेऊन उभी होती. "हिला हे कोणी शिकवलं?" तिने मला विचारलं. कोणीच शिकवलं नव्हतं, अप्पा. या मुलीने तुम्हाला फक्त फोटोत पाहिलं आहे.

तुम्ही जेवायला बसला आहात आणि मी समोर आहे, हे मला अजून नीट दिसतं. ताटात पांढरा भात, त्यावर हळद-मिठाचं वरण, कडेला उकडलेलं राजेळी केळं. आई भाजी वाढते, मासे वाढते, तुम्ही नको म्हणत नाही. आई आत वळली की तुकडा वाटीत बुडवता, निथळू देता आणि मग खाता. घरात कोणी त्याबद्दल बोलत नसे. मे महिन्यात आई अंगणात मिरच्या भाजायला बसली की तुम्ही सकाळीच वाडीत निघून जायचा आणि संध्याकाळपर्यंत विहिरीजवळ बसून राहायचा. आई शेजारणीला सांगायची, "आमच्याकडे मसाला फक्त पाहुण्यांसाठी होतो." शेजारीण हसायची, आईही हसायची. पण तांदूळ बदलला की तुम्हाला पहिल्या घासाला कळायचं. तेव्हा आई म्हणायची, "मी सकाळपासून राबून केलेलं कळत नाही, वाण्याने तांदूळ बदललेला बरा कळतो."

मी एकदा शाळेत मैत्रिणींना सांगितलं होतं की आमचे अप्पा जेवण धुऊन खातात. ते कुठूनतरी तुमच्या कानावर आलं. तुम्ही रागावला नाहीत. चपला घालता घालता म्हणालात, "ते बाहेर सांगायचं नसतं, बाय. तुझ्या आईला वाईट वाटतं." म्हणजे तुम्हाला माहीत होतं. मग हे तुम्ही तिच्याशी कधी बोलला का नाहीत, हे मी तेव्हा विचारायला हवं होतं असं आता वाटतं, पण आपल्या घरात असं विचारायची पद्धत नव्हती. विजेच्या ऑफिसात तुमच्या बरोबरचे लोक तुमचा डबा उघडून बघायचे. "काय हो, कोण आजारी आहे?" असं विचारायचे. सुट्टीत मी तुमच्याबरोबर तिथे आले होते तेव्हा मीही ते ऐकलं. तुम्ही नुसते हसलात आणि डब्याचं झाकण अर्धं पुढे ओढून जेवलात.

त्यानंतर मुलीला मी डॉक्टरांकडे नेलं, कारण तिचं वजन वाढत नव्हतं आणि सासरी सगळे म्हणत होते की मी तिला लाडावून ठेवलंय. डॉक्टर म्हणाले, हा हट्ट नसेलही. काहींच्या जिभेला तिखट आणि कडू इतरांपेक्षा जास्त लागतं, काहींना वासच सोसत नाही. बऱ्याच मुलांना हळूहळू सवय होते, काहींना होत नाही. जबरदस्ती करू नका, दूध-केळी-अंडं चालू ठेवा. एवढंच. नक्की कशामुळे, ते त्यांनाही सांगता येईना. घरी आल्यावर मी मुलीने धुतलेला बटाट्याचा तुकडा खाऊन पाहिला. तिला त्यात काय मिळतं ते कळावं म्हणून. मला पाणी आणि बटाटा लागला, बाकी काही नाही. तिला विचारलं तर म्हणाली, "आई, आता तो बटाट्यासारखा लागतो ना!" मी मान हलवली.

पुढच्या रविवारी मी आईला हे सगळं सांगितलं. आधी ती चिडली. "मग आमच्या जिभा काय चामड्याच्या?" म्हणाली. मग म्हणाली, "पुढच्या वेळी तिला घरूनच जेवू घालून आण. माझ्या डोळ्यांसमोर ती वाटी नको." मुलगी पडवीत होती, तिने ते ऐकलं. परत येताना रिक्षात ती मला म्हणाली, "आजीला मी आवडत नाही का?" आपलं काही नातीला आवडत नाही, असंच तिच्या आजीलाही वाटतं, हे मी तिला कसं सांगणार? मी तिला म्हटलं, तसं नाही.

त्यानंतरच्या रविवारी मुलगी आली नाही. आईने तिच्याबद्दल विचारलं नाही. वाल सोलत बसली होती, मीही सोलू लागले. सोलता सोलता म्हणाली, "हॉस्पिटलात तुझे अप्पा काय बोलले, आठवतं का तुला?" मला आठवत होतं. तिने बिनमिरचीचं, नुसत्या जिऱ्याचं वरण करून डबा आणला होता. पण ती पोचायच्या आधीच तिथलं जेवण आलं होतं, आणि शेजारच्या खाटेवरचा माणूस ज्याला नावं ठेवत होता तो वरण-भात तुम्ही चाटूनपुसून खाल्लात. "इथलं जेवण छान आहे," असं तुम्ही तिच्याकडे बघून म्हणालात. तुम्हाला बरं वाटतंय हे तिला कळावं म्हणूनच म्हणाला असाल. ती डबा मांडीवर तसाच धरून बसली होती. नंतर तुम्ही फार जेवलाच नाहीत. आई म्हणाली, "एवढ्या वर्षांत माझ्या जेवणाला कधी छान म्हणाले नाहीत. मी समजत होते, माझा हातच त्यांना आवडत नाही. हे जिभेचं तेव्हा कोणी सांगितलं असतं तर?" आणि मग माझ्याकडे न बघता विचारलं, "खरंच जिभेमुळेच असेल का गं? का माझ्यामुळे?"

मला काय माहीत, अप्पा. डॉक्टर नातीबद्दल बोलले, तुमच्याबद्दल नाही. याचं उत्तर फक्त तुमच्याकडे होतं. तिचे हात वालांवर थांबले होते. मी म्हणाले, "आई, अप्पा मला बोलले होते. हॉस्पिटलातच, तू औषध आणायला खाली गेली होतीस तेव्हा. म्हणाले, तुझ्या आईच्या हाताला चव आहे, मलाच सोसत नाही." तिने विचारलं, "मग आजवर सांगितलं का नाहीस?" मी म्हणाले, तू रडशील म्हणून. ती रडली नाही. उरलेले वाल तिने सोलून संपवले.

आज मी मुलीला समजावून बरोबर नेलं. आईने तिला भात वाढला, वरण वाढलं, मासा ताटात वाढलाच. वाटी मात्र ठेवली नाही. मुलगी माझ्याकडे बघत राहिली. मग मी उठून माझ्यासाठी म्हणून वाटीत पाणी आणलं आणि दोन ताटांच्या मध्ये ठेवलं. आईला ते दिसलं. मुलीने धुऊन का होईना, मासा खाल्ला. हे पुढे असंच चालेल की सुधारेल, मला सांगता येत नाही. दोघींमध्ये बसण्यापलीकडे मला काही जमत नाही.

हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही म्हणूनच लिहिता येतंय. निघताना आईने मला दाराशी थांबवलं. मुलगी पुढे गेली होती. "त्या दिवशी अजून काही म्हणाले होते का गं ते?" तिने विचारलं. मी म्हणाले, आठवून सांगते. घरी आल्यापासून खूप आठवते आहे. तुम्ही त्या दिवशी माझ्याकडे फक्त पाणी मागितलं होतं.