दिवेलागणीची दहा बदकं

लालबाग, ४ फेब्रुवारी २०२५

ती. दादास,
कृ. सा. न. वि. वि.

फोनवर तू कायम मीटिंगमध्ये असतोस, म्हणून वीस मिनिटांवरच्या वडाळ्याला पत्र धाडते आहे. आई बरी आहे. गुडघे गेलेत, जीभ शाबूत.

माळा आवरताना आपला जुना व्हिडिओ गेम आणि त्याची टीव्हीवर बदकं मारायची बंदूक सापडली. नव्या टीव्हीवर एक बदक पडेना, म्हणून खालच्या निलेश टीव्हीवाल्याकडे नेली. तो हसलाच. म्हणाला, ताई, ही बंदूक मारत नाही, बघते. घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. नळीतल्या काचेच्या डोळ्याला तो उजेड दिसला की बदक पडलं. हे जुन्या डबा टीव्हीवरच जमायचं. आणि चांगली बंदूक आधी पडदा काळा झाला का तेही तपासते. आपली स्वस्तातली, तिला नुसता उजेड पुरे. बल्बवर रोखली तरी बदक पडतं.

दादा, चौऱ्याण्णव साल आठव. बाबा गेलेले. तुला हैदराबादला नोकरी, मला बडोद्याला, आणि आईजवळ एकाने राहायचं. जास्त बदकं पाडील तो जाईल, असं आपण ठरवलं. मी दहातली सात पाडली. तू बंदूक हीरोसारखी वर धरून दहाच्या दहा. मी टाळ्या वाजवल्या रे. तुझ्या डोक्यावर साठचा बल्ब होता, हे एकतीस वर्षांनी ध्यानात आलं.

तू हैदराबाद करून परतलास, मी इथेच राहिले. आता आईला तू ने. लोभ होता तेवढाच असू दे, वाढवायची तसदी नको.

तुझी,
कालिंदी

वडाळा, ११ फेब्रुवारी

चि. कालिंदीस,
अनेक आशीर्वाद.

तुझी जीभ आईवरच गेली आहे. बल्बचं खरं आहे. पण आठवतेसच, तर पुरतं आठव. तुझा डाव अंधारात झाला. मी बंदूक उचलली आणि दिवेलागण झाली म्हणत आईने बटण दाबलं. आपल्याकडे रोज आधी देवाजवळची समई, मग बल्ब. त्या दिवशी समई मागाहून लागली.

बंदुकीची ही खोड मला आदल्या आठवड्यात सापडली होती. फक्त आईला दाखवली होती. मुलगी जवळ हवी, म्हणाली. मी नाही म्हणालो नाही, एवढाच माझा गुन्हा. आईला न्यायला माझी ना नाही. पण तिला तुझ्या हातची सवय आहे.

राग धरू नकोस, धरलास तर पत्राने कळव.

गंगाधर

लालबाग, १४ फेब्रुवारी

ती. दादास,
नमस्कार, घाईतला.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं नाही. नुसती बंदूक तिच्या मांडीवर ठेवली. तिने पदराने नळी पुसली, बराच वेळ पुसली, आणि म्हणाली, "तुझा नेम चांगला होता गो."

मग तिन्हीसांज झाली तशी तिने बटणाकडे बोट केलं. मी आधी समई लावली.

रविवारी तिला घेऊन येते. गोळ्या, गुडघ्याचं तेल, समई, सगळं बांधलंय. पुन्हा सामना मागू नकोस. तुझाही टीव्ही सपाटच आहे. तिला सोडून मी तशीच बडोद्याची गाडी धरणार. तिथे काही काम नाही. बघून येते.

लोभाचं आता आईलाच विचार.

कालिंदी