विमानात बसेपर्यंत

अण्णा, बाप असून तुम्ही फोनवर साफ खोटं बोललात. तोंडावर कधी म्हणता आलं नाही, म्हणून आज लिहितोय. मी पुण्यात शिकत होतो. ‘आईला जरा बरं नाही, निघून ये,’ एवढंच म्हणालात. मी एसटीत शेजाऱ्याशी गप्पा हाणत आलो, लातूरच्या स्टँडवर आईसाठी मोसंबी घेतली. अहमदपूरला उतरलो तर चौकातला सलूनवाला माझ्याकडं बघेना. घरापुढं माणसं बसलेली. कुणीतरी हातातली पिशवी काढून घेतली. साऱ्या गावाला ठाऊक होतं, मला सोडून! ‘पोरगं वाटंत एकटं हाय, सांगत नसतेत,’ असं तुम्ही काकाला म्हणताना ऐकलं. वाटेत रडलो असतो तर कुणाचं काय बिघडणार होतं?

त्या रागातूनच ही वेबसाइट काढली म्हणा. आपल्या लातूर-नांदेडची कितीतरी माणसं आता आफ्रिकेतल्या साखर कारखान्यांत आहेत, कुणी फिटर, कुणी केमिस्ट. त्यांच्यासाठी गावाकडच्या बातम्या मी घरात बसून टाकतो. पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या जाहिराती घेत नाही, कुणाच्या दबावाला भीक घालत नाही. कुणी गेलं की लगेच बातमी. घरचे शिव्या देतात, देऊ देत. तिकडची माणसं म्हणतात, घरचे लपवतात, तुम्ही खरं सांगता. त्या भरवशावरच सगळं चाललंय.

आज सकाळी लातूरजवळच्या मुरुडची एक म्हातारी गेली. धाकटा मुलगा युगांडात. थोरल्याचा फोन आला, ‘लई सिरीयस हाय म्हणून सांगितलंय त्याला. विमानात बसू द्या, मग टाका.’ म्हटलं, न्हाई जमायचं. बातमी लिहिली, फोटो लावला. टाकणार तेवढ्यात विमानतळावरून त्या धाकट्याचाच फोन. ‘घरच्यांचा भरोसा न्हाई. तुम्ही सांगा, माय हाय का?’ दोन विमानं बदलून यायचं होतं त्याला, एकट्याला. खरं ऐकायचा त्याचा हक्क होता, आणि माझ्याकडं द्यायला तेवढंच तर आहे.

‘हाय,’ म्हटलं. ‘दवाखान्यात हाय. बसा तुम्ही.’

‘तुम्ही म्हणताय म्हणजे खरंच असंल,’ म्हणाला, आणि हसला हो!

बातमी अजून तशीच पडून आहे. उतरल्यावर तो मला माफ करणार नाही, करूही नये. तुम्हाला तरी मी कुठं केलंय? हे लिहिलेलं, तुम्ही आज हयात असतात तरी तुम्हाला दिलं नसतं. फोन ठेवल्यावर तुमचा राग यायला पाहिजे होता, अण्णा. आला नाही, म्हणून जास्तच चिडलोय.