बसल्यावर बसेल असं

४ जून
आजही दुकानात भोपळा. दोन कॉलेजच्या मुली आल्या, ढीगभर टॉप ट्रायल रूममध्ये नेले, फोटो काढले आणि गेल्या. 'आता मोबाइलवरून मागवतील,' बाबा म्हणाले आणि घड्या घालत बसले.
महिनाअखेरीला दुकान मोबाइलवाल्याला भाड्याने द्यायचं, असं काका म्हणतात. बाबा हो म्हणालेले नाहीत. नाही, असंही नाही.
मी मशीन डिझाइन शिकले. कपड्यांतलं मला ओ की ठो कळत नाही. पण मशीन कुणी वापरत नसेल तर आधी विचारायचं असतं, ते बनवलं कुणासाठी?

६ जून
बाबांना विचारलं, आपलं गिऱ्हाईक कोण?
'तरुण मुली.'
कशावरून?
'पाटीवर लिहिलंय की!'
पाटी त्यांनीच लिहिली आहे.

९ जून
स्टेशनच्या तिकीट-खिडकीवरची बाई पँट परत द्यायला आली. बाबा प्रत्येकीला सांगतात तसं तिलाही सांगून बसले होते — 'बसेल, बसेल!'
'उभी असताना बसते हो,' ती म्हणाली. 'बसल्यावर बसत नाही! आणि मी दिवसभर बसलेलीच असते.'
'मग मधूनमधून जरा उभं राहायचं.'
'आणि तिकिटं तुम्ही देणार?'
मी तिला स्टुलावर बसवून टेप लावला. पँट मागून खाली ओढली जाते, पुढे चुण्या पोटात रुततात, पायांशी आखूड होते. साधी भूमिती. दुकानातला एकूण एक कपडा उभ्या माणसासाठी बेतलेला आहे.

१० जून
आजारपणानंतर आई चाकाच्या खुर्चीत आहे. अंगात कायम गाऊन. घराबाहेर पाऊल नाही. तिला लोकांसमोर जायचा संकोच वाटतो, असं आम्ही आपसांत ठरवून टाकलं होतं. आज तिलाच विचारलं.
'बाहेर जायचं तर घालू काय?' म्हणाली.
कपड्यांचं दुकान आमचं!

१४ जून
टेलरकडून पँट बेतून घेतल्या. मागे कंबर उंच, पुढे कमी, खिसा मांडीवर. 'असलं ध्यान कोण घेणार?' टेलर. तिकीटवाल्या बाईने घेतली, मैत्रिणीसाठीही नेली.
'दोन पँटवर दुकान चालतं होय गं?' काका.

१७ जून
नवी पाटी लावली: 'दिवसभर बसून काम करणाऱ्यांसाठी'. काचेतल्या पुतळ्याला पँट चढवली. आणि मग कळलं — पुतळा गुडघ्यात वाकतच नाही! उभ्या पुतळ्यावर आमची पँट गबाळी दिसते, कंबर मागे नुसती लोंबते. दिवसभर लोक बघून पुढे गेले. एवढी मापं घेतली आणि हे माझ्या लक्षात येऊ नये!
'शिवताना फसली वाटतं,' काका म्हणाले. मोबाइलवाला उद्या जागा बघायला येणार आहे.
घरी हे सगळं सांगितलं. बाबा भात चिवडत होते. आई ऐकत होती.

१८ जून
सकाळी आईने एक पँट मागून घेतली. मी घालून दिली.
'तो पुतळा हलवा,' म्हणाली. 'काचेत मी बसते.'
बाबांनी पुढून पाहिलं, मागून पाहिलं. नेहमीचं 'बसेल' काही आलं नाही.
'बसली,' म्हणाले.