डावी पाकळी

अंबरनाथ, जून १९९३

ती. श्याममामा,

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाहीये, म्हणूनच खरं लिहितेय.

काल फोनवर तुम्ही म्हणालात, "देवीनेच अमेरिका सांगितली ना? मग माझं काय चालणार, वृंदा!" आणि हसलात. नंतर मामींनी हळूच सांगितलं, तुमच्या लीड्सच्या घरात माझ्यासाठी वरची खोली रंगवून झाली होती.

इंग्लंड आणि अमेरिका, दोन्हीकडे ॲडमिशन, दोन्हीकडे स्कॉलरशिप, आणि आमच्या घरात रोज वाद. शेवटी आई म्हणाली, गावच्यासारखा कौल लावू. देवीच्या मूर्तीला पाण्याने दोन पाकळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर इंग्लंड, डावी पडली तर अमेरिका. "तुझी आंघोळ झालीय, तूच लाव."

मी उजवी चांगली भिजवली. डावी जवळजवळ कोरडीच टेकवली.

इंग्लंडला पहिल्या दिवसापासून केमिस्ट्री, तीही तुम्ही ठरवलेली. अमेरिकेत विषय दोन वर्षांनी ठरवला तरी चालतो. मला तेवढंच हवं होतं, मामा. तुम्हाला सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून देवीला पुढे केलं.

डावी पडली तेव्हा आईने डोळ्यांना पदर लावला. "तिच्याच मनात होतं," म्हणाली.

आता व्हिसा आलाय आणि मला फार भीती वाटतेय. तिथे माझं निभेल ना, एवढंच कुणाला तरी विचारायचं होतं. आज सकाळी पाकळी भिजवून देवीपुढे उभी राहिले. मग ती तशीच परत परडीत ठेवली.

तुमची,
वृंदा